क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पोराला कॉलेज कोणतं सांगायचं?

पोस्ट लांब झाली आहे, सवडीनं वाचा. पण ज्यांच्या घरात बारावी झालेलं पोरगं आहे आणि ते "मला संगीतातच पुढं जायचंय" म्हणून अडून बसलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या रविवारी सकाळी तेलगावच्या चौकात चहा घेत उभा होतो. एक बाप-लेक शोधत आले. बाप ओळखीचा. लग्नसराईत बँड पथकात ढोल वाजवतो, दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. पोरगं यंदा बारावी आर्ट्स पास. पोराच्या हातात काळी, कोपरे झिजलेली पेटी.

"साहेब, हे म्हणायलंय, पुढं वाजवण्याचंच शिकायचं. कॉलेज असतंय म्हणे त्याचं. कुठं टाकावं तेवढं सांगा. तुमचं फिरणं असतंय."

मी पोराला विचारलं, "काय वाजवतोस?"

"क्लॅरिनेट. सनई पण येते थोडी. आज्याची आहे."

"नोटेशन येतं का?"

"नाही सर. ऐकून वाजवतो."

बाप मध्येच म्हणाला, "लवकर सांगा साहेब. मुकादम उचल घ्या म्हणून मागं लागलाय. हे घरी राहिलं तर याचंही लगीन लावून टाकावं म्हणतेत घरचे."

बीड जिल्ह्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोराचं लग्न लावलं की घरात एक कोयता वाढतो आणि उचल दुप्पट होते. मुलाचं लग्नाचं वय कायद्यानं एकवीस आहे हे मी बापाला सांगितलं. त्यानं मान हलवली. कायदा त्यालाही माहीत आहे, पण व्याज त्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्या गावाला सोळंके कारखान्याचं धुराडं आहे, तरी आपली माणसं तोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तर या पोराचा प्रश्न "आवडीचं करिअर" वगैरे नाही. तो ऑगस्टच्या आत सुटला नाही तर कोयता ठरलेला आहे.

म्हणून मी दोन दिवस फोन लावले. चार ठिकाणी लागले. नावं लिहीत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही. पहिल्या ठिकाणी बाई म्हणाल्या, गायन आणि तबला आहे, वाद्यात दुसरं काही नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, स्वरवाद्य आहे, पण शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत आणि यंदा त्यांची ऑर्डर अजून निघालेली नाही. तिसऱ्या ठिकाणचे सर भले माणूस, अर्धा तास बोलले. शेवटी म्हणाले, "त्याला बासरी घ्यायला सांगा ना. बासरीचं काहीतरी करता येईल." चौथ्या ठिकाणी क्लॅरिनेट हा शब्द दोनदा सांगावा लागला, मग तिकडून प्रश्न आला, "म्हणजे ते बँडवाले वाजवतात ते?"

हो. ते बँडवाले वाजवतात तेच.

आता माझं म्हणणं सांगतो. फुंकून वाजवायच्या वाद्याच्या पोरानं कॉलेज निवडताना नाव, इमारत, शहर हे सगळं नंतर बघावं. पहिलं बघायचं ते एवढंच, की हे कॉलेज माझं वाद्य मला खाली ठेवायला लावणार आहे का? लावणार असेल तर ते कितीही मोठं असो, आपल्या कामाचं नाही. आणि मराठवाड्यात असं एकही ठिकाण पोराला सहज सापडत नसेल, तर तो पोराचा नापासपणा नाही. तो आपल्या विद्यापीठाचा आणि सरकारचा आहे.

"बासरी घे" हा सल्ला वरून साधा दिसतो. दोन्ही फुंकायचीच वाद्यं, भोकं झाकायची, मग अडचण काय? अडचण मोठी आहे. बासरीत ओठ भोकाच्या कडेवर ठेवून हवा कापायची असते. क्लॅरिनेटमध्ये वेताची रीड खालच्या ओठावर धरून ती थरथरवायची असते. बासरीत फुंक वाढवली की तीच बोटं वरच्या सप्तकात जातात. क्लॅरिनेटमध्ये मागची चावी दाबली की सूर सप्तकभर वर न जाता बाराव्या सुरावर जातो. म्हणजे खालची बोटं वेगळी आणि वरची वेगळी. सनईची पत्ती तर दुहेरी, तिथं चाव्या नाहीतच, मींड ओठानं आणि बोटानं काढायची. पोरानं आठ वर्षं ओठ, दात, श्वास एका वाद्याला लावला. त्याला बासरी घे म्हणणं म्हणजे अठराव्या वर्षी पहिलीत बस म्हणणं. ज्याला बासरीचीच ओढ आहे त्यानं जरूर घ्यावी. पण मास्तर नाही म्हणून वाद्य बदला, हा कुठला न्याय? दवाखान्यात हाडाचा डॉक्टर नाही म्हणून पेशंटला डोळ्याचा आजार घे म्हणतात का?

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण बोलत नाही. बासरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कृष्ण येतो. सनई आणि क्लॅरिनेट म्हटलं की लग्नातला वाजंत्री येतो. सनईशिवाय अक्षता पडत नाहीत, पण सनईवाल्याची पंगत शेवटी. मातंग, होलार, गुरव, घडशी या समाजांनी पिढ्यान् पिढ्या ही वाद्यं जपली. आपण त्यांना मान दिला तो मांडवाच्या दारापर्यंत. या पोराचा आजा सनई वाजवायचा, गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याला कुणी कधी "पंडित" म्हटलं नाही. "ए वाजंत्री, सुरू कर" एवढंच ऐकलं त्यानं. संगीताच्या वर्गात गायन, तबला, हार्मोनियम सहज बसतं आणि सनई-क्लॅरिनेट बसत नाही, याचं कारण फक्त मास्तर मिळत नाही हे नाही. आपल्याला ते कधी शिकवण्याजोगं वाटलंच नाही, हेही आहे.

खरं तर मोठेपणाचे दाखले कमी नाहीत. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई १९४७ ला स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीत वाजली, २००१ ला त्यांना भारतरत्न मिळालं. संगीत नाटक अकादमी तरुण कलावंतांना जो युवा पुरस्कार देते तो त्यांच्याच नावानं आहे. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीत बसवली. सोलापूरच्या सिद्राम जाधवांच्या घराण्यानं सनईपेक्षा लहान असलेली सुंद्री रागदारीला लावली. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटच्या तबकड्या एकेकाळी घरोघर वाजायच्या. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेट कर्नाटक संगीतात रुजवलं. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ नागस्वरम वाजवणाऱ्या घरातले. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर रागदारी उभी केली, पुढं पद्मश्री झाले. म्हणजे बँडच्या वाद्यातून रागदारी निघते हे सिद्ध करायचं राहिलेलं नाही. ते होऊन गेलं आहे.

कुणी म्हणेल, यातली बरीच माणसं घरात आणि गुरूकडे शिकली, कॉलेजात नाही, मग कॉलेजचा हट्ट कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरातच विद्या होती, नाहीतर गुरूच्या दारात बसायला वेळ होता. या पोराच्या घरात आज्याची सनई आहे, आजा नाही. कॉलेज म्हणजे त्याला तीन-चार वर्षं कोयत्यापासून लांब राहण्याची सोय, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती. शहरातल्या पोरासाठी कॉलेज ही पदवी असेल, आपल्या पोरासाठी ती मोकळीक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हरिप्रसाद चौरसिया बासरीचे, पण त्यांनी तालीम घेतली अन्नपूर्णा देवींकडे, आणि त्या वाजवायच्या सूरबहार. पन्नालाल घोष अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य, खाँसाहेब मुख्यतः सरोदचे. मग त्याच वाद्याचा मास्तर पाहिजे हा आग्रह चुकीचा नाही का? मी यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे. चौरसियाजी अन्नपूर्णा देवींकडे गेले तेव्हा फुंक आणि बोटं तयार होती, ते आकाशवाणीत नोकरी करून आलेले होते. त्यांना राग पाहिजे होता, तो सूरबहारवाल्या गुरूनं दिला. पण त्या गुरूनं त्यांच्या हातातली बासरी काढून सूरबहार दिली नाही. फरक इथं आहे. म्हणून माझी अट थोडी सैल करतो. कॉलेजात क्लॅरिनेटचा मास्तर असेल तर सोनं. नसेल, पण एखादे गायनाचे सर म्हणत असतील, "मी गातो, तू ते क्लॅरिनेटवर काढ, परीक्षेलाही तेच वाजव," तरी चालेल. "वाद्य पेटीत ठेव आणि गायनाला बस" म्हणत असतील तर नमस्कार करून परत या.

आता कामाचं बोलू. त्या पोराला मी वहीत लिहून दिलं, तेच इथं देतो. ॲडमिशनचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजला हे विचारा.

एक, माझं वाद्य कोण शिकवणार? माणसाचं नाव विचारा. "आमच्याकडे सगळी सोय आहे" हे उत्तर नव्हे. ते सर कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि गेल्या वर्षी किती महिने होते, तेही विचारा. संकोच करू नका.

दोन, आठवड्यात समोरासमोर किती वेळ शिकवणार? तीस पोरांच्या वर्गात फुंकीचं वाद्य शिकता येत नाही. ओठ कुठं सुटतो, श्वास कुठं तुटतो, हे मास्तरानं जवळून बघावं लागतं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून गुरुकुल पद्धत आहे, म्हणजे विद्यार्थी गुरूला जोडलेला असतो. सगळीकडे तसं असेल असं धरून चालू नका, विचारा.

तीन, प्रात्यक्षिक परीक्षा माझ्या वाद्यावर देता येईल का? आणि परीक्षक कोण असतो? हे लेखी मागा. पहिल्या वर्षी हो म्हणून तिसऱ्या वर्षी अडवलं तर आपल्यासारखा माणूस भांडायला कुठं जाणार?

चार, रियाज कुठं करायचा? हसू नका, हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. सतारवाला वसतिगृहाच्या खोलीत बसू शकतो. क्लॅरिनेट आणि सनई पहाटे पाचला वाजली की अख्खं वसतिगृह उठून भांडायला येतं. कॉलेजात रियाजाची खोली आहे का आणि तिची किल्ली किती वाजता मिळते, ते बघून या.

पाच, इथून पाच वर्षांपूर्वी शिकून गेलेलं एखादं पोरगं आज काय करतंय? त्याचा नंबर मागा आणि त्याला फोन करा. माहितीपत्रकापेक्षा तो खरं बोलेल.

आणि शक्य असेल तर वाद्य घेऊन स्वतः जा, त्या सरांसमोर दहा मिनिटं वाजवा. दहा मिनिटांत कळतं. सर वाद्याकडे बघतात की तुमच्या चपलांकडे, हेही कळतं.

ज्यांना बासरीच वाजवायची आहे त्यांच्यासाठी वाटा जास्त आहेत. सरकारनं २०२२ ला मुंबईत लता मंगेशकर यांच्या नावानं संगीत महाविद्यालय सुरू केलं, त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमांत बासरी होती. चौरसियाजींचं वृंदावन गुरुकुल मुंबईत आहे. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठात संगीत आहे. आणि मुलींनी फुंकीची वाद्यं घेऊ नयेत असं ज्यांना वाटतं त्यांनी बागेश्वरी कमर यांची सनई आणि सुचिस्मिता-देबोप्रिया चॅटर्जी या बहिणींची बासरी ऐकावी.

पाश्चात्त्य पद्धतीनं जायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. तिथं क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, फ्लूट ही सन्मानाची वाद्यं आहेत. लंडनच्या ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा भारतात होतात, पहिलीपासून आठवीपर्यंत. चेन्नईत ए. आर. रहमान यांचं के. एम. कॉन्झर्व्हेटरी २००८ पासून आहे. पण खर्च आपल्या आवाक्यातला नाही, आणि कागदावरचे सूर वाचता येणं ही पहिली पायरी आहे. शिवाय आपल्या बँडमधली क्लॅरिनेटं बहुतेक जुन्या पद्धतीच्या चाव्यांची असतात, पुष्कळशी मेरठच्या बाजारातून आलेली. तिकडच्या वर्गात चाव्यांची रचना वेगळी, म्हणजे वाद्यही नवं घ्यावं लागतं. हे आधी माहीत असलेलं बरं.

तिसरी वाट आपल्याकडच्या पोरांच्या जास्त ओळखीची आहे, पण तिचा हा दरवाजा कुणी दाखवत नाही. आपल्या रस्त्यावर पहाटे चारला शंभर पोरं भरतीसाठी पळतात. त्यातल्या किती जणांना माहीत आहे की पोलीस भरतीत बँड्समनच्या वेगळ्या जागा निघतात? हवाई दल आणि नौदल अग्निवीर म्हणून वादक घेतात, शिक्षणाची अट दहावी, आणि क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही तर त्यांची रोजची वाद्यं. लष्कराच्या वादकांना शिकवायला मध्य प्रदेशात पचमढीला स्वतंत्र केंद्र आहे. अग्निवीर चार वर्षांचं आहे, वयाची अट कडक आहे, आणि नुसतं कानानं वाजवून भागत नाही. पण आपलं पोरगं पळूही शकतं आणि वाजवूही शकतं. त्याला फक्त सहा महिने नोटेशन शिकवणारा माणूस पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी भरतीच्या अकॅडम्या किती आहेत, मोजा. त्यातल्या एकीत तरी नोटेशन शिकवतात का?

चौथी वाट मध्यममार्गी. जवळच्या कॉलेजात साधं बी.ए. करायचं, सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारदपर्यंत जायचं, आणि महिन्यातून दोनदा गुरूकडे जाऊन बसायचं. गुरू मिळाला तर ही वाट वाईट नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे शिकल्याचा कागद लागतो. म्हणून बँड मास्तरकडून, आज्याच्या जोडीदाराकडून, ज्याच्याकडून शिकलात त्याच्याकडून आजच लिहून घ्या. शहरातल्या आईबापांना हे सगळं पाठ असतं. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, हेसुद्धा त्यांची पोरं पाचवीपासून धरून चालतात. आपल्या शाळांत हे सांगणारं कुणी नसतं. या पोराला ते माझ्याकडून पहिल्यांदा कळलं, दहावी होऊन दोन वर्षांनी.

इथपर्यंत पोराचं झालं. आता ज्यांनी करायचं त्यांच्याविषयी.

तामिळनाडू सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत संगीत शाळा चालवल्या आहेत. तिथं गायन, व्हायोलिन, मृदंग यांच्या बरोबरीनं नागस्वरम आणि तविल शिकवतात. नागस्वरम म्हणजे त्यांची सनई, तविल म्हणजे तिच्या जोडीचा ढोल. देवळात आणि लग्नात वाजणारं वाद्य सरकारी शाळेत विषय आहे, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यांना जमतं आणि आपल्याला जमत नाही, याला पैशाचं कारण देऊ नका. बडोद्याला सयाजीरावांच्या राज्यात १८८६ ला मौलाबक्षांनी संगीत शाळा उघडली, ते संस्थान होतं, आपण तर राज्य आहोत.

मास्तर नाहीत, हे दुसरं कारण सांगतात. प्राध्यापक व्हायला नेट-सेट लागते, बँड मास्तरकडे ती कुठून येणार? याचंही उत्तर यूजीसीनंच दिलं आहे. २०२२ पासून "प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस" नेमता येतो. एखाद्या क्षेत्रात पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस, पदवीची अट नाही. ही तरतूद कंपनीतल्या साहेबांना बोलवायला वापरतात. ती एखाद्या सनईवाल्याला बोलवायला का वापरू नये? अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंनी आपल्याच जिल्ह्यातल्या मातीतून पखवाज देशभर नेला. बीड जिल्ह्याला ताल कळतो आणि सूर कळत नाही, असं थोडंच आहे?

म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठाकडे तीन मागण्या आहेत. एक, संगीत विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा सनई, सुंद्री, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांपैकी कशावरही देता येईल असं स्पष्ट परिपत्रक काढा. याला एक रुपया लागत नाही. दोन, मराठवाड्यात निदान एका ठिकाणी फुंकीच्या वाद्यांचा शिक्षक नेमा, प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून नेमा, पण पूर्ण वर्षासाठी नेमा. तीन, बँड पथकात वाजवलेली वर्षं अनुभव म्हणून प्रवेशात धरा. आपले आमदार-खासदार ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी पहिली मागणी तरी पत्रावर लिहून पाठवावी.

आणि आपल्याकडेही थोडं बोट दाखवतो. जयंतीला, मिरवणुकीला, वरातीला डीजे आणला नाही तर आपली इज्जत जाते असं आपणच ठरवलं. या पोराच्या बापाचं पथक आठ वर्षांपूर्वी अठरा जणांचं होतं, आज नऊ जण आहेत. क्लॅरिनेटवाला एकच उरला, तो म्हणजे हे पोरगं. डीजेच्या भिंतीसमोर क्लॅरिनेट ऐकू येत नाही. ज्या पोराला ऐकणारं गाव नाही त्याला कॉलेज कुठवर पुरणार? माझ्या स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात डीजे होता. मी तेव्हा काही बोललो नाही. म्हणून हे वाक्य दुसऱ्यांना लिहायचा मला पूर्ण हक्क नाही, पण लिहितो.

शेवटी बापानं जो प्रश्न विचारला तो सांगतो. "साहेब, शिकून नोकरी लागंल का?" मी खोटं बोललो नाही. म्हणालो, हमी नाही. पण तुझ्या पोरासोबत बारावी झालेली इतिहासाची, राज्यशास्त्राची पोरं आहेत, त्यांना तरी कुठं हमी आहे? निदान याच्या हातात आज कमावणारी विद्या आहे. ती वाढेल अशा ठिकाणी त्याला टाक. ती सोडायला लावतील अशा ठिकाणी टाकू नको. आणि लग्न एकवीसच्या आत लावू नको, नाहीतर मीच बातमी करीन. यावर बाप हसला. मी हसत नव्हतो हे त्याला कळलं, मग गप्प झाला.

सध्या एवढं झालंय की तिसऱ्या कॉलेजातल्या त्या भल्या सरांनी पोराला वाद्य घेऊन येऊन वाजव म्हणून बोलावलंय. क्लॅरिनेटवर परीक्षा घेता येईल का हे ते विभागप्रमुखांना विचारणार आहेत. गाडीभाड्याचं आम्ही चौघांनी बघितलं आहे. मुकादमाला बापानं पंधरा दिवस थांब म्हणून सांगितलंय. उत्तर काय येतं ते इथंच कळवीन, हो आलं तरी आणि नाही आलं तरी.

तोवर तुमच्याकडून एक मदत हवी आहे. मराठवाड्यात किंवा पुणे-सोलापूरकडे क्लॅरिनेट, सनई शिकवणारं, नोटेशन समजावून देणारं कुणी ओळखीचं असेल तर मला इनबॉक्सला कळवा. कॉमेंटमध्ये कुणाचा फोन नंबर टाकू नका. आणि तुमच्या गावात असं एखादं पोरगं असेल, तर त्याला "बासरी घे" म्हणण्याआधी एकदा तो काय वाजवतो ते बसून ऐका.

— तेलगाव, ता. धारूर, जि. बीड